घोडं कोरडं उतरलं पाहिजे

ऑर्व्हल त्वेटच्या ट्रेलरमधून घोडं उतरलं, की मालक आधी त्याच्या मानेवरून तळहात फिरवायचा आणि मग तो तळहात बघायचा. हात कोरडा असायचा. मोंटानातल्या त्या गवताच्या, वाऱ्याच्या मुलखात माणसाला एवढी ओळख पुरते. कुणाला जत्रेला घोडं न्यायचं असो, डॉक्टरला दाखवायचं असो, नाहीतर विकलेलं घोडं घाटापलीकडे पोचवायचं असो, लोक म्हणत, ऑर्व्हलला सांगा, कोरडं उतरेल.

घोड्याला प्रवासात बसता येत नाही. प्रत्येक वळण, प्रत्येक गचका, प्रत्येक ब्रेक त्याला उभ्याउभ्या स्वतःच्या पायांवर झेलावा लागतो. गाडी हाकणारा बेपर्वा असला तर घोडं जागच्या जागी उभं राहूनही असं घामाघूम होतं, की सगळा रस्ता पळत आलं असावं. ऑर्व्हल गाडी हाकायचा ती काठोकाठ भरलेली परात हातात घेऊन चालावं तशी. वळण यायच्या कितीतरी आधी त्याचा पाय हळूच वर यायचा, आणि ट्रेलरमधल्या घोड्याला वळण येऊन गेल्याचं कळायचंही नाही.

त्याची पिकअप मध्यम आकाराची होती. शेजाऱ्यांच्या थोराड डिझेल गाड्यांशेजारी ती उभी राहिली, की मोठ्या भावांच्या रांगेत धाकटं भावंड उभं राहिल्यासारखी दिसायची. पण एक जुना हलका ट्रेलर आणि त्यात एखाददुसरं घोडं, एवढं ती न कुरकुरता ओढत असे. पलीकडच्या रँचवरचा गार्नेट स्कोगेन रविवारी प्रार्थना झाली, की चर्चच्या तळघरात कॉफीचा कप हातात घेऊन त्याला गाठायचाच. गार्नेट उंच, तांबूस चेहऱ्याचा, आणि गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"काय रे ऑर्व्हल, ती गाडी तू विकत घेतलीस, की मर्नाच्या पर्समधून पडली?"

"तुझी गाडी अख्खं घर ओढेल, गार्नेट. फक्त आतली माणसं आधी बाहेर काढ. दात पडतील त्यांचे."

"घोड्यांना दात कशाला लागतात?"

"गवत खायला. तुझ्या घोड्यांना ठाऊक नसेल."

सगळे हसत. ऑर्व्हलची बायको मर्ना सगळ्यांत उशिरा हसायची, पण तिचं हसू सगळ्यांत जास्त वेळ टिकायचं.

मर्ना तरुणपणी जत्रेच्या मैदानात पिंपांभोवती घोडी पळवायच्या शर्यतीत उतरायची. टोपी उडून जायची, केस मोकळे व्हायचे, आणि कठड्यावर बसलेला ऑर्व्हल घोडी न बघता तिच्याकडे बघत राहायचा. त्या घोडीची मुलगी म्हणजे पॅन्सी. ती त्यांच्याच गोठ्यात जन्मली, मर्नाच्या मांडीवर डोकं टेकून पडली आणि तिथूनच पहिल्यांदा उभी राहिली. आता ती म्हातारी झाली होती. तिच्या डोळ्यांवरचे खळगे खोल गेले होते, पण मर्नाची हाक ऐकली की ती कुरणाच्या दुसऱ्या टोकावरून चालत यायची. ऑर्व्हलनं हाक मारली, तर मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची.

मग मर्नाच्या पाठीच्या कण्यात कॅन्सर शिरला.

दवाखाना लांब शहरात होता. डांबरी रस्त्याचं ऑर्व्हलला काही वाटत नव्हतं, पण घरापासून डांबरीपर्यंतचा रस्ता खडीचा होता, आणि गाड्यांच्या येण्याजाण्यानं त्याच्यावर बारीक आडव्या वळ्या पडल्या होत्या, कपडे घासायच्या जुन्या फळीवर असतात तशा. पिकअप ओझ्यासाठी बांधलेली असते. मागच्या चाकांवरच्या कमानीचे पोलादी पाटे ओझं आलं तरच वाकतात. गाडी रिकामी असली की ते वाकायचं नाव घेत नाहीत, आणि मागचा भाग रागावलेल्या खेचरासारखा उडत राहतो.

मर्ना ओरडायची नाही. दरवाजावरचं हँडल धरून ती समोर बघत बसायची. पण प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडकायचा, आणि तो अडकलेला श्वास ऑर्व्हलला इंजिनाच्या आवाजातही ऐकू यायचा. जन्मभर लोकांची घोडी ज्यानं अलगद नेली, त्याच्या शेजारी त्याची बायको अशी बसलेली. तो खड्डा दिसला की आधीच सांगू लागला, "आला." ती हँडल घट्ट धरायची. खड्डा जायचा. पुन्हा, "आला."

"तुझ्यासारखा निवेदक जत्रेत असता," ती एकदा म्हणाली, "तर मी एकही शर्यत हरले नसते."

ऑर्व्हल गाडीच्या मागे लागला. तिकडे बर्फाच्या दिवसांत चाकं घसरू नयेत म्हणून पिकअपच्या मागच्या हौद्यात वाळूची पोती टाकायची रीत आहे. त्यानं ऐन उन्हाळ्यात पोती टाकली, बरोबर मागच्या आसावर. गाडी थोडी नरम झाली. मग चाकांतली हवा कमी केली. आणखी थोडी नरम झाली. मग एका दुपारी गाडीखाली शिरून त्यानं कमानीतला सगळ्यांत जाड पाटा दोन्ही बाजूंनी काढून टाकला आणि गोठ्याच्या भिंतीवर, जुन्या नालांशेजारी, खिळ्याला टांगला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गंज सांडला होता.

त्या आठवड्यात दवाखान्यात जाताना मर्नानं हँडल धरलं नाही.

"ढगावर बसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "खोटं बोलतेय. पण बरं वाटतंय."

अशी कमजोर केलेली गाडी घोड्यांचा ट्रेलर ओढू शकत नाही. ट्रेलरच्या जिभेचं, म्हणजे पुढच्या दांड्याचं, वजन गाडीच्या मागच्या हुकावर येतं, त्यानं गाडीची शेपटी बसते आणि नाक आभाळाकडे जातं. पुढची चाकं हलकी होतात, सुकाणू ऐकेनासं होतं. लोकांचे फोन येत, आणि ऑर्व्हल म्हणे, "सध्या गाडीला जमत नाही." लोकांना कारण ठाऊक होतं. हळूहळू त्यांनी विचारायचं सोडलं. ट्रेलर गोठ्यामागे उभा राहिला आणि त्याच्या चाकांभोवती गवत वाढलं.

पानगळ सुरू व्हायच्या बेतात होती तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की आता पुढच्या फेऱ्या करायचं कारण नाही. परत येताना मर्ना म्हणाली,

"मला एक फेरी करायचीय अजून."

"कुठं?"

"आयलीनकडे. पॅन्सीला घेऊन."

आयलीन तिची धाकटी बहीण. घाटापलीकडे नदीकाठी तिचं कुरण होतं. बर्फ तिथं कमी पडायचं, आणि पॅन्सीनं लहानपणी तिथं कितीतरी उन्हाळे काढले होते.

"मी बघेन की तिला," ऑर्व्हल म्हणाला.

"बघशील. माहितेय मला. तिच्याकडे बघून रडत बसशील, आणि तिला असली माणसं आवडत नाहीत." ती खिडकीबाहेर बघत होती. "तिचा दोर माझ्या हातात हवा, ऑर्व्ह. फाटकातून मी स्वतः तिला आत सोडणार. सोडून दिल्यावर ती मागे वळून न बघता चरायला लागली पाहिजे. एवढं बघितलं की झालं माझं."

तिला किती दिवस असं बसता येईल, हे दोघांनीही मोजलं नाही. फार नव्हते, एवढं दोघांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गार्नेट आला. त्याच्या बायकोनं भाजलेल्या मांसाची आणि बटाट्याची मोठी परात पाठवली होती. ती टेबलावर ठेवून, टोपी हातात फिरवत तो म्हणाला,

"ऐकलं मी. ऐक ऑर्व्हल, घोडी माझ्या गाडीत येऊ दे. तू मर्नाला घेऊन पुढं चल, मी मागनं आणतो. माझ्या गाडीला तो घाट म्हणजे काहीच नाही."

ऑर्व्हलनं मान हलवली. "नको."

"नको का?"

"तुझ्या ट्रेलरमधून घोडं नदी पोहून आल्यासारखं उतरतं, गार्नेट."

हे तो चर्चमध्ये शंभरदा म्हणाला असेल. तिथं सगळे हसायचे. इथं कुणी हसलं नाही. गार्नेटनं टोपी एकदा उलटी करून आत बघितली, जणू उत्तर तिच्यात ठेवलं होतं.

"हळू चालवीन," तो म्हणाला. "तू सांगशील तसं चालवीन."

आतल्या खोलीतून मर्नाचा आवाज आला. "आणू दे ना त्याला."

"आपली घोडी आपण न्यायची," ऑर्व्हल म्हणाला. त्या मुलखात कुणीही हेच म्हणालं असतं. दुसऱ्याची घोडी जन्मभर नेलेला माणूस तर नक्कीच.

गार्नेट गेला. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "परातीची घाई नाही."

मग ऑर्व्हलनं प्रयोग सुरू केले. आधी काढलेला पाटा परत बसवला, ट्रेलर जोडला, पॅन्सीला चढवलं आणि मर्नाला शेजारी बसवून फाटकापर्यंत गेला. गाडी सरळ चालली, पण मर्नाचा हात हँडलवर गेला. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "छान." तिनं तोंड उघडून 'छान' म्हटलं म्हणजे काय, हे त्याला इतक्या वर्षांनी कळत होतं. त्यानं पाटा पुन्हा काढला.

वाळूची पोतीही काढली, कारण आता हुकावरचं वजन पोत्यांचं काम करणार होतं. पण पॅन्सी ट्रेलरमध्ये पुढं, म्हणजे जिथं घोडं बांधायचं तिथं बांधली, की गाडीचं बूड पार टेकायचं आणि खड्ड्यात हातोडा मारल्यासारखा धक्का बसायचा. मग त्याच्या मनात ते आलं. त्यानं घोडी मागे घेतली. अगदी मागच्या कडीला, दाराजवळ बांधली. ट्रेलरचं वजन मागे सरकलं, जीभ हलकी झाली, गाडीची शेपटी वर उठली. तो फाटकापर्यंत जाऊन आला. नरम. पोत्यांपेक्षाही नरम.

ट्रेलर मागनं जड झाला की झुलतो, हे तिथलं कुणीही जाणतं. ऑर्व्हलनं स्वतः किती जणांना त्यावरून झापलं होतं. पण फाटकापर्यंतच्या रस्त्यावर ट्रेलर झुलला नव्हता. हळू जाऊ, तो स्वतःशी म्हणाला. वारा नसेल असा दिवस बघू.

त्या मुलखात वारा नसेल असा दिवस कुठून आणायचा. तरी सकाळ स्वच्छ होती. मर्नानं जत्रेतली जुनी टोपी घातली होती, ती आता तिला सैल होत होती. ऑर्व्हलनं तिला उचलून बसवलं. पाठीमागे उशी, थर्मासमध्ये कॉफी. ट्रेलरचं मागचं दार त्यानं ती बसल्यावर लावलं. ती आधी मागे आली असती तर घोडी कुठं बांधलीय हे तिनं बघितलं असतं.

खडीचा रस्ता संपेपर्यंत त्याला एकदाही "आला" म्हणावं लागलं नाही. डांबरी लागली. गवताचे पिवळे उतार दोन्ही बाजूंनी मागे जात राहिले. मर्ना आधी बोलत होती. आयलीननं कुंपण दुरुस्त केलंय का, ती मेली नेहमी उद्यावर टाकते, असलं काहीबाही. मग बोलणं थांबलं. ऑर्व्हलनं वळून बघितलं. ती झोपली होती.

औषधानं गुंगी यायची ती झोप वेगळी. तिच्यात कपाळ आवळलेलं असायचं. ही खरी झोप होती. तोंड किंचित उघडं, टोपी एका कानावर, हात मांडीवर पालथे. किती महिन्यांत त्यानं तिला असं झोपलेलं बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, हा रस्ता आता संपूच नये.

घाटाच्या पायथ्याशी वाऱ्याचा पहिला झोत आला, आणि त्याला सुकाणूत ते जाणवलं. हातांना जाणवलं. ट्रेलर मागे डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे. मोठं काही नव्हतं. कुत्रं सावकाश शेपूट हलवतं, तेवढंच. त्यानं सुकाणूशेजारचा खटका दाबून नुसता ट्रेलरचा ब्रेक अलगद लावला, झुलणं थांबलं. पुढच्या झोताला पुन्हा सुरू झालं.

पुढं गाडी बाजूला घ्यायला मोकळी जागा होती. तिथं थांबायचं, दार उघडायचं, पॅन्सीला पुढं नेऊन बांधायचं. फार वेळ लागला नसता. मग उरलेला घाट, जिथं डांबर ठिकठिकाणी उखडलं होतं, गाडीचं बूड टेकवून, हातोडे खात. मर्ना पहिल्याच हातोड्याला जागी झाली असती. ती जागा जवळ आली. त्याचा पाय वर उचलला गेला. त्यानं पुन्हा एकदा शेजारी बघितलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात थोडी लाळ जमली होती, लहान मुलाच्या जमते तशी.

मोकळी जागा मागे गेली.

सबंध घाटभर ट्रेलर झुलत राहिला, तो हातानं सावरत राहिला, आणि मागे म्हातारी पॅन्सी चार पाय फाकवून प्रत्येक झोत अंगावर घेत राहिली. एकदा तिचे खूर फळ्यांवर धडपडल्याचा आवाज आला. ऑर्व्हलनं रेडिओ लावला. अगदी हळू, मर्ना उठू नये इतका.

आयलीन फाटकात उभी होती. पुढच्या खिशात हात घातलेले, डोळे आधीच सुजलेले. गाडी थांबल्यावर मर्ना जागी झाली, इकडंतिकडं बघितलं, आणि हसली.

"पोचलो? मला काहीच कळलं नाही रे."

ऑर्व्हलनं तिला उतरवलं. तिनं एक हात आयलीनच्या खांद्यावर ठेवला आणि सरळ ट्रेलरच्या मागे गेली, दोर घ्यायला. "थांब," तो म्हणाला, "मी काढतो, तू फाटकाशी जा." पण ती तिथंच उभी राहिली. दार उघडणं भाग होतं.

दार उघडलं आणि घोडीची पाठ समोरच, हातभरावर आली. मर्नानं ट्रेलरच्या पुढच्या रिकाम्या भागाकडे बघितलं, मग मागच्या कडीला बांधलेल्या दोराकडे. पॅन्सी उतरली, एकेक पाय शोधत. तिच्या मांड्यांमधून पांढरा फेस गळत होता. पोटाखालून घाम ठिबकत होता. मागचे पाय थरथरत होते, आणि ते थरथरणं थांबेना.

मर्नानं तिच्या मानेवर तळहात ठेवला. काढला. बघितला. मग तो हात तिनं बराच वेळ तसाच हवेत धरून ठेवला, कुठं पुसावा ते न कळल्यासारखा.

"मला उठवायचं होतंस," ती म्हणाली.

"तू झोपली होतीस."

"म्हणूनच म्हणतेय."

दोर तिनं हातात घेतला. त्या फाटकापर्यंत गेल्या, मर्ना, घोडी आणि मधे आयलीन, तिघीही पाय ओढत. फाटकातून आत गेल्यावर मर्नानं म्होरकी सोडली आणि मागे सरकली. पॅन्सी चरायला गेली नाही. तिथंच उभी राहिली. मागच्या पायांचे स्नायू लाकडासारखे ताठले होते. थोड्या वेळानं तिनं गुडघे टेकले, मग कूस टेकली.

जनावरांचा डॉक्टर दुपारी आला. भला माणूस होता. त्यानं कुणालाही काही विचारलं नाही. म्हाताऱ्या घोड्यांच्या स्नायूंचं असं होतं, म्हणाला, कधीकधी उठतात. सकाळी बघू. सकाळी कॉफीसारखी काळी लघवी बघून, ती आता उठणार नाही हे ओळखून, त्यानं टोपी काढली. मर्ना गवतात बसली होती, पॅन्सीचं डोकं मांडीवर घेऊन. जन्मली तेव्हाही ते डोकं तिथंच होतं. डॉक्टरनं सुई भरली. ऑर्व्हल कुंपणाशी उभा राहिला. जवळ जायचा हक्क आपल्याला आहे का, हे त्याला ठरवता येईना, आणि ते ठरेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

परतीला ट्रेलर रिकामा होता, वाळूची पोती घरी गोठ्याशी पडली होती. गाडीत ओझं म्हणून काही नव्हतं. घाट उतरताना मर्ना जागी होती. हँडल धरून बसली होती. खडीचा रस्ता लागला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

"आला," मर्ना म्हणाली.

त्यानं गाडी हळू केली. खड्डा गेला.

"आला," ती पुन्हा म्हणाली. घरापर्यंत तीच सांगत राहिली. रागावली होती का, माफ केलं होतं का, त्या आवाजावरून त्याला कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही. त्यानंतर ती गाडीत बसली नाही, आणि बर्फ पडायच्या आत गेली.

आता तो पाटा परत गाडीत आहे. गाडी पूर्वीसारखी ताठ, पूर्वीसारखी ओढू शकणारी. वसंतात लोकांचे फोन पुन्हा येऊ लागले. ऑर्व्हल म्हणतो, "गाडी ओढत नाही." लोक म्हणतात, "अरे, तुझ्यासारखं कुणाला जमतं?" तो म्हणतो, "गार्नेटला सांगा." ट्रेलरभोवतीचं गवत कुणी कापलेलं नाही.

एकदा गार्नेटची गाडी बिघडली म्हणून ऑर्व्हल त्याला चर्चला न्यायला गेला. मागचा हौदा रिकामा, खडीचा तोच रस्ता. गार्नेट हवापाण्याचं काहीतरी बोलत होता, आणि बोलता बोलता मधेच ऑर्व्हल समोर बघत म्हणाला,

"आला."

गार्नेटनं त्याच्याकडे बघितलं. मग त्यानं हात वर नेऊन दरवाजावरचं हँडल धरलं, आणि चर्च येईपर्यंत धरून ठेवलं.